पाट आणि दोन ट्रक

माझ्याकडे दोन ट्रक आहेत असं मानणारी माणसं सौंसरात आजही आहेत. लग्नसराईत एखादा हमखास दारात येतो, "कळंबेबाबू, वरात न्याची होती, एक गाडी द्या ना" म्हणतो, आणि मी नाही म्हटलं की "मोठा माणूस झाला बाप्पा" असं पुटपुटत निघून जातो. सरकारी ऑफिसातल्या बाबूला सायकलला नवा टायर घालतानाही दहा वेळा विचार करावा लागतो. पण हे कोणाला पटत नाही. म्हणून सत्त्याऐंशी साली काय घडलं ते एकदाचं सांगून टाकतो.

सुरुवात माझ्या मेहुण्याने केली. माझ्या संसारात बहुतेक गोष्टींची सुरुवात तोच करतो. अनिल जहाजावर नोकरीला. कुठल्या कुठल्या बंदरांवरून तो आमच्या मुलीसाठी, छायासाठी, काहीबाही पाठवतो, आणि त्या वस्तूचं करायचं काय हे कळेपर्यंत पुढची वस्तू येते. या खेपेला त्याचं कार्ड आलं. "छायासाठी स्केटबोर्ड पाठवतो आहे. फळी अवजड असते, ती तिकडेच बनवून घ्या. तिच्यावर छानसं चित्र मात्र पाहिजे. भाऊजींना चित्रकलेचा नाद आहेच." यातल्या 'नाद' या शब्दाखाली त्याने रेघ मारली होती.

स्केटबोर्ड म्हणजे चार चाकांची फळी. तिच्यावर उभं राहून पडायचं असतं. ज्या दोन लोखंडी जोडांवर चाकं बसतात त्यांना तिकडचे लोक ट्रक म्हणतात. का म्हणतात ते त्यांना ठाऊक. पण या एका शब्दाने माझी जी वाट लागली ती पांढुर्ण्याच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामापासून.

गोदामात विनायक मुनशी होता. त्याच्या टेबलावर चपलेच्या खोक्याएवढं पार्सल पडलं होतं आणि तो ते माझ्याकडे सरकवायला तयार नव्हता.

"कागदावर ट्रक दोन लिहून आहेत, साहेब."

"हो, थेच थे."

"अन् चक्के चार."

"बरोबर आहे."

"काय बरोबर आहे? दोन ट्रकले चक्के चारच? बाकीचे चक्के कोनं काढले?"

मी म्हटलं, "मुनशीजी, खोकं केवढं आहे पाहा ना. याच्यात ट्रक मावते का?"

"थे मले दिसून राहिलं. मी काही आंधळा नाही. पण कागदावर ट्रक आहेत ना! उद्या मालकानं इचारलं का चक्के कोठी गेले, तं माह्या घरून देऊ काय?"

यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. मीही आयुष्यभर कागदावरच जगलेला माणूस, मुनशीचं दुःख मला आतून समजलं. शेवटी त्याने सांगितलं तसं त्याच्या वहीत लिहून दिलं, "दो ट्रक, चार चक्कों सहित, सही-सलामत प्राप्त हुए," आणि खाली सही ठोकली. हाताला सवय म्हणून सहीखाली हुद्दाही लिहिला. मग दोन्ही ट्रक थैलीत टाकले आणि सौंसरची बस धरली.

घरी खोकं उघडलं तेव्हा छाया नाचायला लागली. मी फक्त एवढंच म्हणालो, "जहाजावरचं भंगार आहे, दुसरं काय." हे मी पुटपुटलो होतो. पण शकुंतलेला, म्हणजे आमच्या मंडळींना, माहेरच्या बाबतीत फार लांबचं ऐकू येतं.

"भंगार? माह्या भावानं सात समुंदरावरून चाकं पाठवले, अन् तुमच्यानं एक फळी रंगवनं होत नाही! जलमभर सांगता, मी चित्रकार होतो, मी चित्रकार होतो. काढून दाखवा एक चित्र, का पाहताच मानसाले कळन हे काय आहे थे!"

हा घाव वर्मी लागला. शाळेत असताना मी काढलेल्या घागरीला बक्षीस मिळालं होतं. परीक्षकांनी ती घागर बदक समजून बक्षीस दिलं हा भाग वेगळा. बक्षीस ते बक्षीस. मी बोलायचं ते बोललो, तिने ऐकायचं ते ऐकलं, आणि सकाळी ती बॅग घेऊन वरुडला माहेरी निघून गेली. छायाची शाळा होती म्हणून ती राहिली. जाताना शकुंतला एवढंच म्हणाली, "थे फळी रंगवली का कळवा. मंग पाहू याचं का नाही थे."

झालं. आता फळी रंगवल्याशिवाय बायको परत येणार नव्हती, आणि बायकोशिवाय घरात भाकरीही नीट भाजली जात नव्हती. छाया वरण करायची ते मी मुकाट्याने गिळायचो. सांगायला लाज वाटते, पण चौथ्या की पाचव्या दिवशी मी शकुंतलेच्या रिकाम्या खाटेकडे पाहून उगाचच खाकरलो होतो.

फळी बनवायला तुळशीराम मिस्त्रीकडे गेलो. त्याचं दुकान बस स्टँडच्या मागे. संत्र्याच्या पेट्या करण्यात त्याची हयात गेलेली, त्यामुळे त्याने आधी पेटीचीच फळी दिली. छाया तिच्यावर उभी राहिली आणि फळीचे दोन तुकडे होऊन दोन दिशांना गेले. तुळशीराम म्हणाला, "हे संत्र्यायसाठी आहे बाबूजी, पोरीसाठी नाही. घरी जुना सागाचा पाट असन तं आना. थ्या लाकडाले मरन नाही."

पाट घरात होता. जेवायला बसायचा, चांगला ऐसपैस, कोपऱ्यांवर पितळी फुल्या ठोकलेला. माळ्यावर पडून होता. कोणी वापरत नव्हतं. कोणी का वापरत नव्हतं हा विचार मी केला असता, तर ही कथा इथेच संपली असती.

पाट तुळशीरामच्या हातात दिला आणि बजावून सांगितलं, "हे पाय, बायको माहेरून याच्या आत पाट लावून टाकाचा आहे. अन् चूपचाप. कोनाले सांगू नोको. थे आल्यावर एकदम दाखवीन."

त्या वेळी आमच्या शेजारच्या शांताबाई दुकानात पोळपाट दुरुस्तीला घेऊन उभ्या होत्या. मी त्यांना नमस्कारसुद्धा केला. त्यांनी पदर तोंडाशी धरला, पोळपाट तिथेच टाकला आणि तीरासारख्या निघून गेल्या. मला वाटलं, दूध उतू जात असेल.

आता शहरातल्या वाचकांसाठी सांगायला हवं. आमच्या भागात पहिलं ते लग्न, आणि विधवेशी किंवा सोडलेल्या बाईशी लागतो तो पाट. वाजंत्री नाही, वरात नाही. चार माणसांत, शक्यतो चूपचाप. माझ्या एका वाक्यात हे सगळं बसलं होतं. स्वल्पविरामही बदलायची गरज नव्हती.

मी मात्र चित्राच्या विचारात बुडालो होतो. अनिलने नमुन्याला एक रंगीत कागद पाठवला होता, त्यात फळीवर दात विचकणारी कवटी होती. छायाला तीच पाहिजे होती. पण आमच्या गल्लीत काहीही करायचं तर शालिकरामभाऊंना विचारावं लागतं. ते निवृत्त मास्तर. शास्त्र सांगतात, आणि न विचारताही सांगतात.

"कवटी? मुंडमाळेतली? अन् पोरगी तिच्यावर पाय देईन? राम राम राम!"

मी म्हटलं, मोर काढतो. तर मोर कार्तिकेयाचा. वाघ देवीचा, उंदीर गणपतीचा, घुबड लक्ष्मीचं, कुत्रा भैरवाचा. चिडून म्हटलं, गाढव काढतो! तर गाढव शीतलामातेचं. "अन् रेडा तं मनातही आनू नोका," शालिकरामभाऊ म्हणाले, "यमाले पोरीच्या पायाखाली आनता काय?" सगळी जनावरं देवांनी वाहनं म्हणून वाटून घेतली, आमच्यासाठी एकही मोकळं सोडलं नाही हे मला त्या दिवशी कळलं. शेळीचं विचारलं, तर तिचंही कोणीतरी निघालंच.

मी सांगून पाहिलं की चित्र खालच्या बाजूला असतं, पाय वर असतो. त्यावर ते म्हणाले, "मंग तं अजूनच वाईट. वरून पाय अन् खालून धूळ."

बागायतदार मधुकरराव रस्त्यावरून चालले होते, त्यांना थांबवून विचारलं, संत्रं कसं वाटतं? ते एकदम गंभीर झाले. "कळंबेबाबू, औंदा आंबिया बहाराची फळं गळून राहिली, अन् तुमी संत्र्यावर पाय देता?" कमळाचं आणि हाताच्या पंजाचं मीच रद्द केलं. निवडणुकीच्या चिन्हावर सरकारी नोकराच्या मुलीने उभं राहणं म्हणजे प्रचार की विरोध, हे नियमात स्पष्ट नाही.

मी चित्र काढायचो, शालिकरामभाऊ यायचे, मी त्यावर तपकिरी ऑइलपेंट मारून पुन्हा काढायचो. मोरावर उंदीर आणि उंदरावर संत्रं असे थर चढत गेले. पाटाचं वजन वाढत गेलं. ब्रश संपले तेव्हा मुलींच्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या मॅडम, विजयमालाबाई, यांच्याकडे दोनदा जाऊन मागून आणले. बाई विधवा, एकट्या राहतात, बोलायला खणखणीत. दोन्ही वेळा मी त्यांच्या दारात पाटाविषयीच बोललो, आणि मोठ्याने बोललो, कारण त्यांच्या शेजारी पिठाची चक्की आहे.

गावातली माणसं त्या दिवसांत माझ्याशी फार आपुलकीने बोलायला लागली. मला वाटलं, कलावंताची कदर होते आहे. मधुकररावांनी तर बाजारात खांद्यावर हात ठेवला.

"मंग, पाट कधी?"

"बस, रंग सुकला का झालं."

ते जरा थबकले. "छायाले पसंत आहे?"

"तिच्यासाठीच तं करून राहिलो."

"वा! मोठ्या मनाची पोरगी. अन् शकुंतलाबाईले सांगतलं?"

"कायले? आल्यावर एकदम समोर ठेवीन."

मधुकररावांनी आजूबाजूला पाहिलं. मग कानाजवळ येऊन म्हणाले, "अन् थ्या ट्रकचं खरं आहे काय? दोन आले म्हनते."

"आले ना. पांढुर्ण्याहून मीच घेऊन आलो. ट्रकशिवाय पाट काय कामाचा, मधुकरराव?"

हे बोलून मी वांगी घ्यायला वळलो. मागे मधुकरराव बराच वेळ उभे होते.

डोक्यात प्रकाश पाडला तो विजयमालाबाईंनी. त्या थेट आमच्या दारात आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "कळंबेबाबू, एकच इचाराचं आहे. मी तुमाले हुंड्यात दोन ट्रक देऊन राहिली म्हनते. थे ट्रक माह्याजवळ कोठी आहेत तेवढं सांगा. मी शाळेत पायी जातो."

मी खाली बसलो. त्यांनी सगळं ऐकवलं. शांताबाईंनी पाटाची बातमी गावभर नेली होती, विनायक मुनशीने तिच्यात ट्रक घातले होते, आणि माझ्या दोन फेऱ्यांनी नवरी पुरवली होती. मी हात जोडले. चाकांची फळी आणून दाखवली. ती पाहून बाई इतक्या हसल्या की गल्लीतले लोक कामं टाकून बाहेर आले. दोन ब्रश परत मागून घेतले आणि जाता जाता म्हणाल्या, "हे उंदीर आहे का संत्रं?"

पण गोष्ट हसण्यावर संपली नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात भिवाजी चपराशाने माझ्यासमोर कागद ठेवला आणि रडवेल्या चेहऱ्याने उभा राहिला. आमचे साहेब वर उत्तरेकडचे, हिंदी बोलणारे. कागदात लिहिलं होतं की आपण विभागाला न कळवता दोन ट्रक प्राप्त केले, पहिली पत्नी हयात असताना दुसऱ्या विवाहाची तयारी केली, करिता तीन दिवसांत स्पष्टीकरण द्यावं, अन्यथा निलंबित का करू नये. सोबत मुनशीच्या वहीतल्या पानाची नक्कल. माझी सही, माझा हुद्दा.

नोकरी जाण्याची भीती होतीच, पण खरी भीती वेगळीच होती. हे भिवाजीला कळलं, म्हणजे पांढुर्ण्याला कळलं. आणि पांढुर्ण्याहून वरुडची बस दिवसातून कितीदा तरी सुटते.

ठरल्या दिवशी मी साहेबांसमोर उभा राहिलो.

"ट्रक कहाँ हैं?" साहेबांनी विचारलं.

"सर, थैली में हैं."

साहेबांनी चष्मा काढला. मी थैलीतून फळी काढून टेबलावर उलटी ठेवली आणि बोटाने दाखवलं, "यह एक ट्रक, यह दूसरा. ये चार चक्के."

"और पाट?"

"सर, बाकी जो बचा, वह पाट है."

साहेबांच्या चेहऱ्यावर समज यायला लागली होती, एवढ्यात दार उघडलं. शकुंतला. मागे तिची आई जयवंताबाई, आणि त्यांच्या मागे अडवायचा प्रयत्न करून थकलेला भिवाजी. शकुंतलेचे डोळे रडून सुजले होते.

"कोठी आहे थे?" तिने विचारलं.

मी टेबलाकडे बोट दाखवलं. तिने नवरी शोधत इकडे तिकडे पाहिलं. टेबलाखालीसुद्धा पाहिलं. मी घाईघाईने सगळं सांगितलं, अनिलचं कार्ड, मुनशी, मिस्त्री, शांताबाई. तिचा श्वास हळूहळू खाली बसला, ओठाच्या कोपऱ्यात हसूही आलं. मी सुटलो असं मला वाटलं. तेवढ्यात तिची नजर फळीच्या टोकावरच्या पितळी फुलीवर गेली. तुळशीरामने पाट दोन्ही टोकांना गोल कापला होता, पण एका बाजूची फुली बिचाऱ्याने जीव लावून वाचवली होती.

"माय!" ती किंचाळली. "हा तं तू देल्ला रुखवताचा पाट आहे!"

जयवंताबाईंनी फळी हातात घेतली, फुलीवर बोट फिरवलं, आणि खुर्ची ओढून मटकन बसल्या.

"साहेब," शकुंतला साहेबांकडे वळली, "दुसरी करून आनली असती तं मी पाहून घेतलं असतं. तिले मी दोन दिवसात पयवून लावलं असतं. पन याइनं माहा पाट कापला! लग्नात याच पाटावर बसली होती मी!"

तिने फळी जमिनीवर आपटली. साहेब "देखिए बहनजी, शांत हो जाइए" म्हणत पुढे झाले आणि त्यांचा पाय नेमका फळीवर पडला. मी बनवलेली वस्तू चालते हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. साहेब भिंतीपर्यंत गेले, फायलींच्या रॅकला मिठी मारून थांबले, आणि जुनी प्रकरणं त्यांच्या अंगावर कोसळली. मग साहेब उठले, कपडे झटकले, खुर्चीवर बसले आणि माझ्या कागदावर शेरा मारला. "ट्रकों की जाँच मेरे द्वारा स्वयं की गई. चालू हालत में पाए गए. प्रकरण समाप्त."

ऑफिसचं प्रकरण मिटलं. घरचं उभं राहिलं. शकुंतला घरी आली, पण बॅग उघडली नाही. सकाळच्या बसने परत जाणार, पाटही बरोबर नेणार, असं आईला सांगत होती. माझ्याकडे पाहायलाही तयार नव्हती. मी माफी मागितली. भंगार म्हटलं ते चुकलं, पाट कापला ते तर फारच चुकलं, आणि तू नसलीस की या घरात मला बसवत नाही, असं सासूसमोर बोलून गेलो. सासूबाईंनी चमकून माझ्याकडे पाहिलं. शकुंतला बॅगेचा पट्टा घट्ट करत राहिली.

शेवटी छाया फळी घेऊन पुढे आली. "माय, आता तूच सांग, याच्यावर काय काढाचं? मोर नाही चालत, वाघ नाही चालत, संत्रंही नाही चालत. जे काढलं थे कोनाच्या तरी देवाचं निघून राहिलं."

शकुंतलेने फळीकडे पाहिलं. मग कितीतरी दिवसांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुमचंच तोंड काढा," ती म्हणाली.

मी चित्र काढायला बसलो. समोर आरसा धरून ती बसली. बॅग तशीच कोपऱ्यात होती, पण तिच्यावर मांजर येऊन झोपलं होतं आणि ती त्याला उठवत नव्हती. "नाक एवढं सरळ कोठी आहे? खरं काढा. मिशी अजून खाली. टक्कल काहून लपवता?" असं चाललं होतं. हसून हसून आरसा हलत होता आणि मला माझं तोंड धड दिसत नव्हतं. इतका सुखाचा वेळ मी बऱ्याच दिवसांत काढला नव्हता.

रंग सुकल्यावर छायाने फळी गल्लीत नेली. शांताबाईंनी लांबूनच पाहून म्हटलं, "अगं बाई, कळंबेबाबू!" मधुकररावांनी ओळखलं. चक्कीवाल्याने ओळखलं. ज्याने त्याने पाहताक्षणीच ओळखलं. घागरीनंतर एवढ्या वर्षांनी पहिल्यांदाच माझं चित्र पाहून माणसांना कळलं की हे काय आहे ते. मी शकुंतलेकडे पाहिलं. तिने ते कबूल केल्यासारखं मान हलवली आणि बॅग उघडायला आत गेली.

शालिकरामभाऊ सगळ्यात शेवटी आले. त्यांनी चष्मा पुसला, फळी उलटीसुलटी करून पाहिली. छायाने तिच्यावर पाय ठेवला, माझ्या तोंडावर उभी राहून उतारापर्यंत जाऊन आली. भाऊंनी मनातल्या मनात सगळी शास्त्रं चाळली.

"चालते," ते म्हणाले. "याच्यात कोनाच्याच भावना दुखत नाही."